सोमाकाका आणि डाव्या चाकाचा सांधा

सोमाकाका लोखंडाचा वास घेतात. बाजारात खरबूज हुंगून बघावं तसा भंगारातला जड तुकडा दोन्ही हातांनी उचलायचा, डोळे मिटून नाकाला लावायचा आणि निकाल द्यायचा, "नाक नाई म्हनते." झालं! तो तुकडा कितीही कोरा असो, काका पुन्हा त्याच्याकडे बघत नाहीत.

हा सगळा उपद्व्याप त्यांच्या पिकअपसाठी. लष्कराच्या लिलावातून कधीतरी आमच्या मोहाडीत येऊन पडलेली, चारही चाकांना जोर असलेली जुनी गाडी. बनवणारा कारखानाच कधीचा बंद झालेला. तिच्या पुढच्या एक्सलचा डावा सांधा, ज्याच्यावर चाक वळतं तो, मोडला होता. तो मिळाला की काका करडीला जाणार होते, मंदाकाकूंना आणायला. बायको माहेरी गेली की नवऱ्यानं जाऊन आणायची, ही आमच्याकडची रीत.

अडचण एवढीच की मंदाकाकूंना वारून नऊ वर्षं झाली होती.

काकाच त्यांना माहेरी पोचवायला निघाले होते. करडीच्या अलीकडे, धानाच्या खाचरांमधल्या चिखलात सांधा तुटला. "तुमी गाडी बनवून या, मी चालते पुढं," म्हणून काकू पायी गेल्या. तिथं त्यांना ताप भरला आणि चार दिवसांत सगळं संपलं. काका पोचले ते थेट घाटावर. मधल्या चार दिवसांबद्दल ते कधी बोलत नसत.

माझ्याकडे मोटरसायकल आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. या दोन दोषांपायी तीन वर्षं मी काकांना जिल्हाभर फिरवलं. "चाल गा मास्तर, लाखनीले नवा माल आला म्हनतेत." की निघालो.

लाखनीच्या भंगारवाल्यानं एकदा हुबेहूब तोच सांधा पुढे केला. मी मनातल्या मनात सुटलो म्हटलं. काकांनी हुंगला, आणि हळूच खाली ठेवला.

"नोको. याचा मानूस पान्यात गेला."

भंगारवाल्यानं चहाचा कप खाली ठेवला. "तुमाले कोनं सांगतलं? गाडी तलावातूनच काहाडली होती. मी तं कोनापाशी बोललो नाई!"

मग त्यानं बिचकत आपली बसायची खुर्ची पुढे सरकवली. "इचा बी पाहा ना जरा." काकांनी खुर्ची हुंगली आणि तडक मोटरसायकलवर येऊन बसले. पुढच्या खेपेला भंगारवाला उभ्याउभ्याच धंदा करत होता.

मी हसलो खरा, पण त्यानंतर माझ्या गाडीच्या हँडलकडे काकांचं नाक वळलं की मी घाईनं किक मारायचो.

काकू गेल्यापासून काका कुणाच्या घरात पाऊल टाकत नसत. फाटकातूनच हाक मारायचे. एक दिवस गोंदियाला जायचं होतं. मी जोडे घालतच होतो, तर काका उंबरठ्यापाशी थबकले. नाकपुड्या फुलल्या. आमच्या घराला कोशाच्या रेशमी धाग्याचा आणि खळीचा वास, दुसरा कसला असणार? पण काका सरळ आत शिरले ते बाबांच्या हातमागापाशी. दोर ताणून धरायला तिथं चिंध्यांत गुंडाळलेलं एक वजन टांगलं होतं, बाबांनी फार पूर्वी भंगारातून आणलेलं. काकांनी एकेक चिंधी सोडवली.

डाव्या चाकाचा सांधा! माझ्या खाटेपासून तीन हातांवर!

"नाक होय म्हनते," काका कुजबुजले.

बाबा मात्र शांत. "ने बाप्पा. मी त्याच्या जागी इटा बांधतो."

मिस्त्रीनं आठवडाभर खपून गाडी उभी केली. काकांनी नवा सदरा घातला, दाढी केली आणि मला म्हणाले, "मास्तर, तू मांगं बस." मी मागच्या हौद्यात बसलो.

करडीला काकूंचे भाऊ अंगणातच होते. गाडी बघून त्यांचा चेहरा उतरला. नऊ वर्षं त्यांनी काकांशी बोलणं टाकलं होतं. पण ते घरात गेले आणि बायकोला घेऊन आले. तिनं काकांच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर हळदकुंकू वाहिलं, सासरी निघालेल्या लेकीची भरावी तशी तांदूळ-नारळानं ओटी भरली.

"लय उशीर केला भाऊजी," भाऊ एवढंच म्हणाले. काकांनी मान खाली घातली.

परतताना केबिनच्या मागच्या फुटक्या काचेतून मला काकांचा आवाज ऐकू येत होता. कौलं बदलली, म्हैस विकली, असं काहीबाही सांगत होते. मध्ये थांबत होते, आपण उत्तरासाठी थांबतो तितकेच.

पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी उभी केली.

"मंदे, निरोप भेटला होता मले. तू बलावून राहिली होती. मी म्हटलं, गाडी बनली का येतो." आवाज फुटला. "पायदळ निंगालो असतो तं त्याच दिवशी पोचलो असतो."

मला हौद्यात रडू आवरेना. मग कुणीतरी काही म्हटल्यासारखी काकांनी मान डोलावली, बाहीनं डोळे पुसले आणि गिअर टाकला.