गुप्त्यांनी जप्त केलेली टोपी

सिडनीतल्या पेंडल हिल उपनगरात गुप्त्यांच्या घरात पाऊल टाकलं की आधी टोपी जप्त व्हायची. आपण उन्हातून घामाघूम होऊन येतोय आणि गुप्ते दारात हात पुढे करून उभे! टोपी कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. परत मिळायची ती दुसरा चहा झाल्यावरच.

याला कारण स्पेनचा दोनशे वर्षांपूर्वीचा एक राजा. गुप्ते सिडनीत गटारांचे इंजिनियर, आणि या राजाने म्हणे राजधानीत गटारं बांधली, रस्त्यांवर दिवे लावले. झालं, गुप्ते फिदा! त्याच्या प्रधानाने रुंद टोप्यांवर बंदी आणली तेव्हा मोठी दंगल उसळली होती. "चूक कुठे झाली सांगू?" गुप्ते खुर्चीतून उठायचे. "भर रस्त्यात टोप्यांना कात्री लावली! दारातच काढून घ्यायच्या. मग नो वरीज, मेट!"

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं मिळून दिवाळी अंक मागवायचो. ते बोटीने यायचे, घरोघर फिरायचे. गुप्तेवहिनी वारल्या त्या वर्षी गुप्त्यांनी नवा हुकूम काढला: अंक एकाच ठिकाणी राहतील, त्यांच्या घरी. रविवारी तिथे येऊनच वाचायचे. "सगळं लोकांसाठी, पण लोकांना विचारून काही नाही!" हेही त्या राजाचंच ब्रीद. शिवाय राजाने हाताने काम करणाऱ्यांना मान दिला, म्हणून आमचे हार्ट स्पेशालिस्ट डॉक्टर नेने नारळ खवायला आणि मी कपबशा विसळायला. बायका भलत्याच खूश. माझी बायको सुधा म्हणाली, "हा राजा आपल्याकडे का नाही रे जन्मला?"

शेवटी आम्ही पुरुषांनी बंड केलं. काय तो रविवार! नेने खोबऱ्याच्या हातांनीच उभे राहिले आणि ओरडले, "बस झालं! अंक पुन्हा घरोघर फिरले पाहिजेत!" भराभर हात वर झाले, टाळ्या पडल्या, राजेशाही संपली! मी अंकांचा गठ्ठा गाडीत घालून क्वेकर्स हिलला माझ्या घरी आणला. गुप्त्यांनी कपाट उघडून ज्याची त्याची टोपी हातात दिली. त्या दिवशी चहाचं नाव कुणी काढलं नाही.

चार रविवार गेले. पाचव्या रविवारी सुधाने विचारलं, "गुप्त्यांकडे कोणी जातं का रे?" मी नेन्यांना फोन लावला, आणखी दोघांना लावला. कोणीच गेलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गठ्ठा उचलला आणि आम्ही दोघं निघालो.

गुप्त्यांनी दार उघडलं. मागे टेबलावर बारा कप मांडलेले होते, कोरडे. सवयीने त्यांचा हात पुढे आला आणि त्यांनी तो पटकन मागे घेतला.

"अंक घरी वाचायचे असं ठरलंय ना?"

"घरी मन लागत नाही," मी म्हणालो आणि टोपी काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती कपाटात ठेवली, किल्ली फिरवली. किल्ली खिशात टाकून आमच्याकडे वळले. मग एकदम गरजले, "दुसरा चहा झाल्याशिवाय मिळणार नाही, सांगून ठेवतो!"

आम्ही तीन चहा प्यालो. निघताना टोपी मी तिथेच विसरलो. मुद्दाम.