बिनशेपटीचा बैल

आमच्या शेजारच्या गुलाबभाऊचा बैल एकरभर मोठा आहे आणि त्याला शेपूट नाही.

शेलूबाजारहून आमच्या गावाकडे वळलं, की समोर मुरमाड माळ दिसतो. नुसता दगडांचा. त्याच्या उतारावर गुलाबभाऊने गोटे मांडून मांडून हा बैल काढलाय. अंगाला काळे गोटे, शिंगांना चुना. सकाळी चहा घेतला की डोक्यावर घमेलं, आणि चालला माळावर! गुडघे कुरकुरतात, पण ऐकतो कोण?

"शेपूट कवा लावता, भाऊ?" हा आता गावाचा रामरामच झालाय.

"लावू ना. घाई कायची हाये?"

शेपटाच्या गोट्यांचा ढीग मात्र गेल्या पोळ्यापासून तयार पडलाय. अहो, शिंगं तीनदा रंगवली या माणसाने, आणि शेपटाला मुहूर्त सापडेना!

मध्ये एका लग्नात ड्रोनवाला आला होता. नवरीची पाठवणी राहिली बाजूला, अर्धं वऱ्हाड त्याला माळावर घेऊन गेलं. वरून काढलेला फोटो पाहून आम्ही हसून हसून बेजार. पाय हे लांबलचक, मान ताणलेली.

"बैल कायचा, भाऊ? हा तं उंट हाये!" मी म्हणालो.

"वरून कोन पाह्यते त्याले?" गुलाबभाऊ म्हणाला. "तुमी काय आभायातून येता?"

परवा त्याची कुऱ्हाड परत द्यायला गेलो. तो माळावर होता. शेवंतावयनी, त्याची बायको, दारासमोर बाजेवर. लकव्याने दोन वर्षांपासून पडून आहे. जीभ तेवढी ठणठणीत.

"भाऊजी, दारातून सरका. मले दिसत नाई."

मी बाजेजवळ उकिडवा बसलो आणि बाहेर पाहिलं. उतारावर चांगला पोळ्याला सजवावा असा बैल उभा होता. पाय बेताचे, मान डौलदार, डावं शिंग खाली झुकलेलं. हा तर त्यांच्या गोठ्यातला हौश्या! माय मेल्यावर वयनीने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

"मस्त जमला, वयनी. आता शेपूट लावून टाका म्हना."

"लावते कायचे!" वयनी अर्ध्या तोंडाने हसली. "मीच गंमतीनं बोलली, हौश्या पुरा झाला का मी जायाले मोकळी. तवापासून हातच लावत नाई शेपटाले. येडा मानूस!"

कुऱ्हाड तशीच हातात घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गुलाबभाऊ जेवायला गेल्यावर बैलगाडी जुंपली आणि शेपटाचा सगळा ढीग माझ्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाला, नेऊन टाकला. चोरी ती चोरीच. परतताना तो समोरच आला. गाडीच्या चाकांना लागलेल्या मुरमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माळाकडे गेला.

संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. इतका खूश आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"ऐकलं काव? शेपटाचे गोटे कोन्तरी चोरून नेले! आता पयल्यापासून जमवा लागतीन. लय दिवस जातीन!"