साहेबाचं ग्रिल आणि काळुरामचं मीठ

लोखंड कसं सांभाळावं हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी त्या शनिवारपर्यंत समजत होतो. आणि का समजू नये? कल्याणच्या रेल्वे मालधक्क्यावर मी नऊ वर्षं कारकून होतो. रूळ, चाकं, साखळदंड, बोल्टांची पिंपं, सगळं माझ्या नजरेखालून जायचं. आता नजरेखालून म्हणजे कागदावरून जायचं. हाताने मी टाकाशिवाय दुसरं लोखंड उचललेलं नव्हतं. पण हा बारीक फरक माझ्या कधी लक्षात आला नाही, आणि माझ्या बायकोच्या, अ‍ॅग्नेसच्या, लक्षात आला होता तरी तिने तो मनात ठेवला होता.

आम्ही राहायला ठाण्याला, कोपरीत. कल्याणचा एक इंजिनीयर साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने घरातलं सामान धक्क्यावरच्या माणसांना वाटून टाकलं. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला आरसा. मला मिळालं ग्रिल. ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बिडाच्या दोन जाड पाट्या, अंगावर शेतातल्या सऱ्यांसारख्या रेघा, एका बाजूला बिजागरी, एका बाजूला मूठ. पुस्तकासारखी उघडते आणि मिटते. खाली चार बुटके पाय आणि निखाऱ्यांचा कप्पा. टेबलावर ठेवायची, मध्ये मासा घालायचा, मिटायची, की मासा दोन्ही अंगांनी एकदम भाजून निघतो.

साहेबाचा खानसामा ऑस्वल्ड याने वीस वर्षं ते वापरलं होतं. माझ्या हातात देताना लेक सासरी धाडावी तसा त्याचा चेहरा झाला.

"हे बघ, इनासबाब," तो म्हणाला, "याला पाण्यात बुडवायचं नाही. भाजून झालं की गरम आहे तोवर जाडं मीठ टाकायचं, फडक्याने घासायचं, पुसायचं, आणि वरून तेलाचा हात फिरवायचा. बस्स. हे काळं दिसतंय ना, तो मळ नाही. ती याची कातडी आहे."

मी जोरजोरात मान डोलावली, कारण मला गाडी पकडायची होती. त्याच्या एवढ्या बोलण्यातला एकच शब्द माझ्या डोक्यात पक्का बसला. मीठ.

आता ग्रिल वापरायची घाई का झाली ते सांगतो. आमच्या व्हिक्टोरियाला कल्याणहून स्थळ आलं होतं. मुलाचा बाप बेसिल हा इंजिन शेडमध्ये मिस्त्री, त्याची बायको क्लारा. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणानंतरच्या रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला येणार होती. याआधी दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्यांना मुलीचा बाप फार बोलतो असं वाटलं. दुसऱ्यांनी कारण सांगितलं नाही, पण नकाराचा निरोप घेऊन आलेला माणूस माझ्याकडे बघून गालात हसत होता. या वेळी मात्र व्हिक्टोरियाला मुलगा आवडला होता. ती तसं म्हणाली नव्हती. पण मावसबहिणीच्या लग्नात तिने त्याला पाहिलं होतं आणि तेव्हापासून तीन आठवडे ती एकच पोलकं शिवत होती.

"रविवारी सरंगे ग्रिलवर भाजायचे," मी जाहीर केलं.

"घरात माझा तवा आहे," अ‍ॅग्नेस म्हणाली. "तुमचा तो सांगाडा बाहेर काढू नका. अशाच जाळीवर संत लॉरेन्सला भाजलं होतं."

"अगं, माशाच्या अंगावर अशा आखीव रेघा उमटतात की कागदासारखं त्यावर लिहून घ्यावं."

"मग त्यावर लिहा. जेवण मी करते."

शनिवारी लवकर सुटी होती. मी घरी येऊन ग्रिल ओसरीवर उघडलं. आतून बाहेरून काळंकुट्ट. येणारा माणूस मिस्त्री. लोखंड बघून माणूस ओळखणारा. त्याला हे असं दाखवायचं? मी बाह्या सरसावल्या. आधी चिंच चोळली, मग राख, मग काथ्या, मग विटेचा चुरा. दोन तास मी असा घासत होतो की शेजारणींना वाटलं, आमच्याकडे कल्हईवाला बसलाय. दोन तासांनी ग्रिल अर्धं काळं आणि अर्धं पांढुरकं झालं, खरूज झालेल्या कुत्र्यासारखं. तेव्हा मला ऑस्वल्डचा शब्द आठवला. मीठ. आणि ऑस्वल्डची कीवही आली. बिचाऱ्याने वीस वर्षं चिमटीचिमटीने मीठ टाकण्यात घालवली. इथे माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर काळुरामचं अख्खं मिठागर होतं.

काळुराम आणि मी बरोबरीचे. त्याची मुलगी जया आणि आमची व्हिक्टोरिया एका अंगणात वाढलेल्या. मी ग्रिल खांद्यावर घेऊन गेलो आणि माझा बेत त्याला सांगितला.

"इनासभाव," काळुराम म्हणाला, "मिठात लोखंड ठेवतंस? माझी फावडी बघ. मीठ खातंय त्यांना. दर सालाला नवीन घ्यावी लागतात."

"काळुराम, ते देशी लोखंड. हे विलायती."

काळुरामने फावडं उचललं आणि मला वाफा दाखवला. विलायतेबद्दल त्याला माहिती नव्हती, आणि मला आहे असं त्याला वाटत होतं. मी बांधाजवळच्या वाफ्यात, सगळ्यात दाट खारट पाण्यात, ग्रिल पुस्तकासारखं उघडून निजवलं आणि शीळ घालत घरी आलो.

रविवारी चर्चमधला पहिला मिस्सा आटोपून मी परस्पर मिठागरात गेलो. ग्रिल जागेवर नव्हतं. मी बांधावर इकडून तिकडे फिरलो, आणि एका ठिकाणी चिखलातून मूठ बाहेर आलेली दिसली. तांबडी लाल. आता ती तिथे कशी गेली ते मला नंतर कळलं. वरच्या तळ्यातलं पाणी खालच्या वाफ्यात सोडायला बांधात एक खाचा होता, आणि तो बंद करणारी फळी शनिवारी संध्याकाळी तडकली. काळुरामची बायको आवडाबाई हिला तिथेच एक लोखंडी पाटी पडलेली दिसली. तिने ती खाच्यात उभी केली, वरून चिखल थापला आणि देवाचे आभार मानले.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी कोट काढून बांधावर ठेवला, मूठ दोन्ही हातांनी धरली आणि ओढली.

प्रथम चिखलाचं एक भलंमोठं ढेकूळ माझ्या तोंडावर आलं. त्याच्यामागून तळं आलं. खालच्या वाफ्यात काळुरामने मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी ओढून ठेवल्या होत्या, सोमवारी उचलायच्या म्हणून. पाण्याने पहिल्या राशीला मिठी मारली आणि ती माझ्या डोळ्यांदेखत साखरेसारखी विरघळली. मी ग्रिल परत खाच्यात कोंबायला गेलो तर बिजागरी गंजून धरलेली, ते धड उघडेना, धड मिटेना. दुसरी रास खचायला लागली. तेव्हा मला सुचलं ते मी केलं. मी खाच्यात बसलो.

मी अंगाने भरदार आहे. आजवर त्याचा कुणाला उपयोग झाला नव्हता. पण तो खाचा जणू माझं माप घेऊन केला होता. पाणी थांबलं.

काळुराम ओरडत धावत आला. त्याने विरघळलेली रास पाहिली, मला पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"हलू नको," तो म्हणाला. "हललास तं मीठ गेला. मी फली घेऊन येतंव."

तो गेला. ऊन चढत होतं. आवडाबाईने ओलं फडकं माझ्या डोक्याला गुंडाळलं आणि तीही चिखल आणायला गेली. मी एकटा बसून राहिलो. पाठीशी तळं, पुढ्यात मीठ, तोंडभर चिखल. आणि बांधावरून छत्री उघडून एक जोडपं येताना दिसलं. पुरुषाला भरघोस मिशा, बाईच्या अंगावर लाल लुगडं, हातात टोपली. बेसिल आणि क्लारा. एक गाडी आधीची पकडून, स्टेशनावरून जवळच्या वाटेने आली होती.

उठावं तर मीठ जाणार. नाव सांगावं तर लेकीचं स्थळ जाणार. मी मान खाली घातली.

"अरे दादा," बेसिल म्हणाला, "इनास कारकुनाचं घर कुठं?"

"त्या पिंपलाच्या मांगं," मी काळुरामच्या बोलीत म्हणालो.

तेवढ्यावर ते गेले असते. पण क्लाराने नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि बेसिलने विचारलं, "माणूस कसा आहे रे तो?"

वाचकहो, इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला माझ्याबद्दल असं मनापासून याआधी कुणी विचारलं नव्हतं.

"देवमानूस," मी म्हणालो. "गरिबाला धावून येनारा. येवढा शिकलेला, पन गर्व नाय. आनि लोखंडातला तं असा कलतंय त्याला, साहेबलोक इचारायला येतान."

"फार बोलतो म्हणतात," क्लारा म्हणाली.

"कोन बोलतंय? इचारला तरच बोलतो," मी म्हणालो, आणि हा मुद्दा पटवून द्यायला पुढची दहा मिनिटं न थांबता बोललो. बेसिल कान देऊन ऐकत होता. एवढ्यात काळुराम फळी घेऊन आला.

"कोनाचा इचारताव? त्या इनासचा?" त्याने फळी खाली आपटली. "त्याच्यासारखा गाढव या खाडीच्या दोन्ही कडंला नाय. माझा मीठ बुडवलान त्यानं."

"कुठं आहे तो?" बेसिलने विचारलं.

काळुरामने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. येत होत्या तेवढ्या सगळ्या प्रार्थना मी डोळ्यांनी म्हटल्या. काळुरामची नजर क्लाराच्या टोपलीकडे गेली, मग आमच्या घराकडे, आणि कोण पाहुणे आलेत ते त्याला कळलं. त्याने फळी पुन्हा उचलली.

"घरी असल," तो म्हणाला. "आनि ह्यो माझा गडी जरा बडबड्या हाय. त्याचा ऐकू नका."

पाहुणे पुढे गेले. फळी बसली. मी कोट आणि ग्रिल उचलून मागच्या वाटेने घर गाठलं, ग्रिल दाराआड टेकवलं, दोन घागरी पाणी अंगावर ओतलं आणि कोट चढवून पुढच्या खोलीत गेलो. आवाज ओळखला जाऊ नये म्हणून मी ठरवलं होतं, आज बोलायचं नाही. जेवताना मी फक्त "हो", "नाही" आणि "घ्या" एवढंच म्हणालो. अ‍ॅग्नेसने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. सरंगे तिने तव्यावरच भाजले होते आणि ते इतके सुरेख झाले होते की बेसिलही काही बोलत नव्हता.

"फार मितभाषी आहेत हो तुमचे मालक," क्लारा कौतुकाने म्हणाली. व्हिक्टोरियाने वाढता वाढता माझ्याकडे असं पाहिलं, की मी आता मरेपर्यंत असाच राहावं.

आणि मी राहिलोही असतो. पण हात धुताना बेसिलला दाराआड टेकवलेलं ते लाल धूड दिसलं. त्याने खाली बसून त्यावर बोट फिरवलं, बोट तांबडं झालं.

"अरेरे," तो म्हणाला. "चांगल्या बिडाची कुणी ही दशा केली? कुणीतरी अडाणी दिसतो."

"अडाणी कसा?" मी म्हणालो. "विलायती लोखंड आहे ते. त्याचं शास्त्र वेगळं असतं. तुम्हाला सांगतो, साहेबलोक..."

बेसिल सावकाश उभा राहिला. माझ्याकडे निरखून पाहत त्याने मिशीवरून हात फिरवला.

"गरिबाला धावून येणारा?" त्याने विचारलं.

व्हिक्टोरियाच्या हातातली वाटी तिरपी झाली आणि सोलकढी कोटावर सांडली, माझ्याच. मग मी सगळं सांगितलं. चिंच, राख, मीठ, खाचा, सगळं. सांगताना व्हिक्टोरियाकडे पाहायचं धाडस मला झालं नाही. शेवटाला आलो तेव्हा हुंदक्यासारखा आवाज आला. ती क्लारा होती. ती पदर तोंडात कोंबून हसत होती आणि तिला ते आवरत नव्हतं. बेसिलने बराच वेळ तोंड घट्ट ठेवलं, पण मिशा हलायला लागल्या.

"उठला का नाहीस?" त्याने विचारलं. "आम्ही समोर उभे असताना उठला का नाहीस?"

"मीठ गेलं असतं ना त्याचं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि चहा न घेता मला घेऊन मिठागरात गेला. ती फळी त्याने स्वतः नीट तासून बसवली. मग परत येऊन ग्रिल निखाऱ्यांवर गरम केलं, जाडं मीठ टाकून फडक्याने घासलं, पुसलं, तेलाचा हात दिला, पुन्हा गरम केलं. संध्याकाळच्या गाडीपर्यंत त्याने हे सहा वेळा केलं आणि मला शेजारी बसवून बघायला लावलं. मला बोलायची परवानगी नव्हती. विरघळलेल्या राशींच्या बदल्यात पुढचे तीन रविवार मी काळुरामच्या मिठागरात फावडं ओढलं. विलायती कारकून म्हणून तो मला चिखलाची बाजू द्यायचा.

बुधवारी कल्याणहून चिठ्ठी आली. मुलगी पसंत होती. व्हिक्टोरिया पोलकं घेऊन आत पळाली. खाली मात्र एक अट होती. मी ती मोठ्याने वाचली: लग्नाच्या दिवशी मुलीच्या वडिलांनी स्वयंपाकाकडे फिरकू नये.

"हा अपमान आहे," मी म्हणालो. "मी त्यांना असं खरमरीत उत्तर धाडतो की..."

"त्यांना कशाला?" अ‍ॅग्नेस पोळपाट धुता धुता म्हणाली. "ती अट माझी आहे. मी सांगून तुम्ही ऐकत नाही, म्हणून क्लाराबाईंना जाताना सांगून ठेवलं होतं."

मी अट पाळली. लग्नाचं जेवण फार उत्तम झालं, असं सगळे अजून सांगतात.