निरोगी कार्यालयातली लिफ्ट

माणूस आजारी पडतो तो सवयींमुळे आणि ठणठणीत राहतो तोही सवयींमुळेच. मधल्यामध्ये जो मरतो, त्याने सवय मनापासून लावून घेतलेली नसते. हे सत्य आमच्या कार्यालयाला वरून आलेल्या परिपत्रकाने कळले आणि त्याच दुपारी सुसवय समिती स्थापन झाली. मी तिचा सचिव. (अध्यक्ष खुद्द साहेब आहेत, त्यामुळे समितीत मतभेद नाहीत.)

सवयी आम्ही मुद्दाम साध्या ठेवल्या. सकाळी आल्या आल्या प्रत्येकाने तांब्याभर कोमट पाणी प्यायचे, तेही साहेबांसमोर. चढउतार जिन्यानेच करायचा. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी डोळे मिटून दीर्घ श्वसन करायचे. वाईट बातमी जेवणाआधी ऐकायची नाही, कारण तिने पित्त खवळते. परिणाम लगेच दिसू लागले. कर्मचाऱ्यांचे समाधान दुपटीने वाढले. (समाधान मोजायचे कसे हे अजून ठरायचे आहे, वाढ मात्र ठरलेली आहे.) तक्रार घेऊन येणारी माणसेही घटली, कारण खिडकीपलीकडचा कारकून डोळे मिटून बसलेला दिसला की बिचारी संकोचून घरी जातात.

एकाच गृहस्थांचे काही खरे नव्हते. ते म्हणजे बाहेर जाणारे टपाल सांभाळणारे आमचे टपालकाका. निवृत्तीला आलेले, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पाणी ते निमूटपणे प्यायचे, पण जिना त्यांना झेपायचा नाही. म्हणून सगळ्यांची नजर चुकवून ते लिफ्टने जात. त्या सकाळीही तांब्या रिकामा करून ते लिफ्टमध्ये शिरले, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली.

थोड्या वेळाने आतून हाक आली, "अहो, कुणी आहे का? दार उघडा. मला लघवीला जायचंय."

समितीची तातडीची बैठक जिन्यावरच भरली. मुद्दा नाजूक होता. आमचे सर्व कर्मचारी जिनाच वापरतात, असा अहवाल साहेबांच्या सहीने कालच वर गेला होता. लिफ्टमध्ये माणूस आहे म्हणावे तर अहवाल खोटा पडतो. अहवालावर साहेबांची सही आहे, म्हणजे तो खोटा असू शकत नाही. सबब लिफ्टमध्ये कुणीही नाही, असे एकमताने ठरले. शिपाई मध्येच म्हणाला, "पण आवाज टपालकाकांचाच आहे की." ही वाईट बातमी असून जेवायला अजून अवकाश आहे, हे आम्ही त्याला प्रेमाने समजावले.

तरी समिती निर्दय नाही. मी स्वतः दाराच्या फटीला तोंड लावून म्हणालो, "काका, घाबरू नका. शरीर सैल सोडा."

"सैल सोडलं तर संपलंच सगळं," आतून उत्तर आले.

मी त्यांना डोळे मिटून झुळझुळ वाहणाऱ्या ओढ्याची कल्पना करायला सांगितले. यावर ते जे बोलले ते सुसवयींत बसत नाही. (हे मार्गदर्शन मी खाजगीत केले. समितीच्या लेखी लिफ्ट रिकामीच होती.)

मग हाका थांबल्या. काकांना शांती लाभली, असे समजून आम्ही डबे उघडले. प्रत्यक्षात त्यांनी आतून घरी फोन लावला होता, कारण जेवता जेवताच काकू धापा टाकत वर आल्या. त्या जिन्याने आल्या याची आम्ही कौतुकाने दखल घेतली. दाराला हात घालण्यापूर्वी निदान थोडे दीर्घ श्वसन करावे, अशी मी त्यांना विनंती केली.

"श्वास तुम्ही घ्या," काकू म्हणाल्या. "माझा माणूस आत आहे."

त्यांनी रखवालदाराच्या खोलीतून पहार आणवली, शिपायाला हाताशी धरले आणि दार ताणून उघडले.

काका बाहेर आले. विजार भिजलेली होती. उभ्या नोकरीत ज्यांनी टेबलावर शाईचा डाग पडू दिला नाही, ते काका सगळ्या कार्यालयासमोर मान खाली घालून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते. काकूंनी हातातली पिशवी त्यांच्यापुढे आडवी धरली. "कुणाकडे बघू नका. चला घरी," एवढेच त्या म्हणाल्या. कठडा धरत, एकेका पायरीवर थांबत दोघे खाली गेले. जिन्याने. अहवाल अशा रीतीने खरा ठरला.

काका पुन्हा कामावर आले नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी आहे आणि साहेब म्हणतात की दालनात त्यामुळे हवा खेळती राहते.

अशी मनःशांती लाभायला किती काळ लागतो, असे पुष्कळजण विचारतात. फारसा नाही. आता तुमचेच बघा. एक म्हातारा माणूस बंद लिफ्टमध्ये कळ सोसत होता आणि तुम्ही जागचे न हलता, मध्ये एकदोनदा हसूनसुद्धा, इथवर आलात. नाडी बघा, अगदी संथ चालली असेल. तुम्हाला आम्ही काय शिकवणार?