वुकानच्या ओल्या केसांची चौकशी

लग्नाला कूम लागतो. कूम म्हणजे साक्षीदार, आणि त्या दिवसापासून जन्माचा नातलग. तो नसेल तर ते लग्न नव्हे, नुसती दोन माणसांची भेट.

मोरावा नदीच्या काठी राहणारी शहाणी माणसं समोरासमोरच्या दोन खिडक्या एकाच वेळी उघडत नाहीत.

वुकान तीनशे वर्षांपूर्वी मेला. तेव्हापासून तो प्रेमात आहे.

आमच्या नगरपालिकेच्या नियमांत 'वाचणे' आणि 'तपासणे' या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीसाठी रांग असते. दुसरीसाठी खुर्ची मिळते आणि कॉफीही.

झिवानाबाई आंबट चेऱ्या साखरेत शिजवत होत्या आणि त्यांना कुणाचाही त्रास नको होता.

या सर्व बाबींचा परस्परसंबंध पुढीलप्रमाणे आहे.

आमच्या शहराच्या ग्रंथालयात 'थडग्यापलीकडे अजूनही तू' या कादंबरीची एकुलती एक प्रत आहे. 'थडग्यापलीकडे तू' या कादंबरीचा हा दुसरा भाग. लेखिका दूरदेशची आहे, इकडे कधी आलेली नाही. नकाशावर आमच्या नदीचं नाव तिला उदास वाटलं आणि तेवढ्या आधारावर तिने वुकान नावाचा वाम्पीर आमच्या काठावर पुरला आणि आमच्याच काठावर उठवला. दुसऱ्या भागात तो येलिसावेतासाठी रक्त पिणं सोडतो, अशक्त होतो, तिच्याशी लग्न करतो आणि शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी धुक्यात नाहीसा होतो. तो परत येतो की नाही, हे शेवटच्या प्रकरणात आहे.

निवृत्त भाषाशिक्षक प्रोफेसर व्लादेता यांनी ही कादंबरी किती वाईट आहे हे पाहण्यासाठी घरी नेली. दोन दिवस ते जेवायलासुद्धा उठले नाहीत, इतकी ती वाईट निघाली. तिसऱ्या दिवशी ते ग्रंथपाल ओल्गित्साच्या टेबलासमोर उभे राहिले.

"नववं प्रकरण," ते म्हणाले. "हा मनुष्य नदीत आंघोळ करून येतो. ओल्या केसांनी दोन उघड्या खिडक्यांच्या मधोमध बसतो. आणि त्या प्रोमायात, त्या आरपार वाऱ्यात, पाच पानं कविता म्हणतो!"

"प्रोफेसर, तो मेलेला आहे."

"म्हणून काय झालं? मान आखडणार नाही? माझा मेहुणा प्रोमायात अर्धा तास बसला होता. महिनाभर त्याला डावीकडे बघता येत नव्हतं. आणि तो तर जिवंत होता!"

"पण नवव्या प्रकरणापर्यंत वाचलंत म्हणजे तुम्हाला…"

"वाचलं नाही. तपासलं."

तरुण पिढी ओल्या केसांनी खिडकीत बसू लागली तर जबाबदार कोण, असा सवाल करून त्यांनी नगरपालिकेकडे तक्रार केली. तक्रार आली की समिती नेमतात. समिती नेमली की पुस्तक वाचकांना देता येत नाही. ते समितीच्या ताब्यात राहतं आणि सगळे दोष तपासून झाले की निकाल लागतो. निकाल प्रोफेसरांनी वेळ वाचावा म्हणून आधीच लिहून ठेवला होता: पुस्तकाचा लगदा करावा.

प्रत तेव्हा झिवानाबाईंकडे होती.

झिवानाबाईंनी शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. ओल्गित्सा आली तेव्हा त्यांनी रिवाजाप्रमाणे तिला सपाता दिल्या, चमचाभर स्लात्को, म्हणजे चेरीचा मुरांबा, आणि पेलाभर पाणी पुढे केलं, आणि मगच विचारलं, "काय काम काढलंस?"

"मावशी, पुस्तक परत हवंय. तक्रार आहे."

"एक प्रकरण राहिलंय गं."

"मी थांबते. उभ्या उभ्या वाचून टाका."

"प्रेमाचं शेवटचं प्रकरण उभ्याने वाचतात का, गाढवे? मी ते रविवारसाठी ठेवलंय. केस धुऊन, कॉफी करून, दार लावून." बाईंनी पातेल्यातल्या चेऱ्या ढवळल्या. "आमचे स्तोयादिन गेल्यापासून मी कुणी परत यायची वाट पाहिली नव्हती. बरं वाटत होतं."

ओल्गित्साने स्लात्कोचा चमचा पाण्याच्या पेल्यात ठेवला. नियम तिने केलेले नव्हते. पण पळवाटा तिला माहीत होत्या.

"मावशी, समितीत जनतेच्या प्रतिनिधीची जागा रिकामी आहे. सभासदाला पुस्तक तपासता येतं. फक्त एखादा दोष सापडायला हवा."

"दोष?" झिवानाबाईंचा चेहरा उजळला. "अगं, पोत्याने आहेत!"

पहिल्या बैठकीत झिवानाबाईंनी दाखवून दिलं की वुकान येलिसावेताच्या घरात बूट घालून शिरतो, तिची आई त्याला स्लात्को तर सोडाच, साधं पाणीही विचारत नाही, आणि चांदी रक्तात साखरेसारखी विरघळते असं लेखिकेने दोनदा लिहिलं आहे. प्रोफेसर प्रसन्न झाले. दोष तपासायचे म्हणजे ते ते प्रकरण मोठ्याने वाचून पाहणं आलं. बूट घालून तो येतो ते प्रकरण वाचलं गेलं. तो आत येतो आणि तिचा हात हातात घेतो. त्याचा हात थंड असतो. सभासदांनी तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला, कारण बुटांचा उल्लेख नीट ऐकू आला नव्हता.

खिडकीबाहेर थांबलेल्या लोकांनाही तो नीट ऐकू आला नव्हता.

दुसऱ्या बैठकीला कबरी खणणारा रादिसाव आला. "लिहून घ्या," तो म्हणाला. "आमच्या आजोबांनी सांगितलेला वाम्पीर लालबुंद, पिंपासारखा फुगलेला. हा फिकट, सडपातळ, गालावर खळी. आमच्या चिकणमातीत तीनशे वर्षं राहून कुणाला खळी पडत नाही."

"म्हणजे तो तुला आवडत नाही?" झिवानाबाईंनी विचारलं.

"आवडायचा प्रश्न कुठे येतो, बाई? त्याचं वर्णन पुन्हा वाचा."

तो स्मशान-उपसमितीवर नेमला गेला. लग्नाला कूम नव्हता आणि शिवाय ते उपवासाच्या काळात लागलं, हे फादर सोफ्रोनिये यांनी निदर्शनास आणल्यावर धर्म-उपसमिती झाली. केशभूषाकार वेरोनिकाने केसांची उपसमिती मागून घेतली. बुरेक, म्हणजे चीज भरलेली खारी, भाजून विकणाऱ्याचा आक्षेप असा की वुकान पहाटे सूर्य उगवण्याआधी नाहीसा होतो, पण त्याच वेळी माझं दुकान उघडं असतं आणि मी त्याला एकदाही पाहिलेलं नाही. त्यालाही खुर्ची मिळाली. ज्याला दोष सापडला नाही अशा एकाच माणसाला, म्हणजे पोस्टमनला, बाहेर ठेवण्यात आलं. त्याला कादंबरी मनापासून आवडली होती आणि त्याने तसं सांगितलं होतं. पुढे लोक त्याच्याशी जरा जपून बोलू लागले.

समिती सांस्कृतिक भवनाच्या मोठ्या सभागृहात हलवावी लागली. जवळजवळ सगळं शहर सभासद होतं.

इतिवृत्तातून: नववं प्रकरण आज चौथ्यांदा तपासण्यात आलं. वाऱ्याची दिशा अद्याप अनिश्चित. सभासद वेरोनिका यांना हुंदका अनावर झाला, तो लेखनशैलीच्या दर्जामुळे.

आणि मग ती अडचण उभी राहिली.

शेवटचं प्रकरण तपासलं की तपासणी पूर्ण होणार. तपासणी पूर्ण झाली की निकाल, आणि निकाल लागला की लगदा. त्यामुळे वुकान धुक्यात नाहीसा झाला की कुणीतरी हात वर करून बैठक तहकूब करायचं. पुढच्या बैठकीला परत पहिल्या प्रकरणापासून. येलिसावेता नदीवर जायची, तो उठायचा, बूट, हात, खिडकी, कविता, लग्न, धुकं. तहकूब.

हिवाळा गेला. झिवानाबाई पहिल्या रांगेत बसायच्या. पुस्तक त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होतं आणि एक प्रकरण अजून राहिलेलंच होतं.

मार्चमध्ये एका बैठकीत धुकं आलं, रादिसावने हात वर केला, आणि झिवानाबाई उठून उभ्या राहिल्या.

"हात खाली घे. मी पुढचं वाचते."

"बाई, वाचलं की संपलं! लगदा करतील त्याचा!"

"करू देत. मला कळलेलं तर असेल. तुम्हा लोकांना वाट बघायला वय आहे, रादिसाव. मला नाही."

रादिसावने हात खाली घेतला. त्यांनी पुस्तक उचललं आणि वाचलं. आवाज शाळेतला होता, सरळ, शब्द न गिळणारा. त्या प्रकरणात नदी उलट दिशेने वाहते, पौर्णिमा एका आठवड्यात दोनदा येते आणि येलिसावेताच्या डोळ्यांचा रंग बदलतो. एकाही उपसमितीने हात वर केला नाही. शेवटचं पान झालं तेव्हा झिवानाबाईंनी चष्मा काढला आणि त्या बराच वेळ सभागृहाच्या दाराकडे बघत राहिल्या.

प्रोफेसर व्लादेता रुमालाने डोळे टिपत होते.

"प्रोमाया," ते म्हणाले. सगळ्या खिडक्या बंद होत्या.

मग ते निकाल वाचायला उठले. "सर्व दोष विचारात घेता, ही समिती एकमताने…"

"थांबा, प्रोफेसर," झिवानाबाई म्हणाल्या. "शेवटची ओळ बघा. गोष्ट तिसऱ्या भागात पुढे चालू राहते असं लिहिलंय. पूर्ण न झालेल्या पदार्थाचं पृथक्करण मी वर्गात कुणाला करू दिलं नाही. कुणी सांगावं, तिसऱ्या भागात त्याची मान आखडेल."

प्रोफेसरांनी या मुद्द्यावर गंभीरपणे विचार केला. विचार करताना त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ठराव असा झाला: तिसरा भाग प्रकाशित होताच, केवळ दोष तपासण्याच्या हेतूने, तातडीने मागवावा. दोन प्रती मागवाव्यात, कारण एका प्रतीतला दोष दुसरीत नसण्याची शक्यता आहे. तोपर्यंत दुसरा भाग समितीच्या ताब्यात राहावा, आणि दर गुरुवारी पहिल्या प्रकरणापासून तपासला जावा.

वुकान परत आला की नाही, हा समितीच्या गोपनीय कामकाजाचा भाग आहे. ज्या वाचकांना ते जाणून घ्यायचं असेल त्यांनी प्रस्तुत कथेतला किमान एक दोष शोधून ओल्गित्साला कळवावा. तुम्हाला तो केव्हाच सापडलेला आहे, तरी तुम्ही इथपर्यंत आलात, म्हणजे तपासतच असणार. खुर्ची मिळेल.

समिती नेमली त्याच्या आदल्या वर्षी ग्रंथालयाने घेतलेली एक कादंबरी शहराने एकमताने निर्दोष ठरवली होती. तिच्यावरचं प्लास्टिक अजून कुणी फाडलेलं नाही.