फेसातली मुखेड-नांदेड

आमच्या गल्लीत कुत्र्याच्या शाम्पूनं स्वतःचं डोकं धुणारा माणूस एकच आहे, आणि तो माझं गिऱ्हाईक आहे. चुकून नव्हे, मुद्दाम धुतो. बाटली हातात घेतो, माझ्या दुकानासमोरच्या नळाखाली वाकतो, टकलाभोवती उरलेल्या केसांना फेस आणतो आणि डोळे गच्च मिटून उभा राहतो. येणारे-जाणारे बघत राहतात. मग पंच्यानं डोकं पुसत मला सांगतो, "माय, झोंबत न्हाई. घेऊन जातो."

हे आमचे मास्तर. शाळेचे नव्हेत, एस.टी.चे. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. खरं नाव गंगाधर, पण त्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. सगळी नोकरी मुखेड-नांदेड गाडीवर झाली आणि निवृत्त होऊनही मास्तर काही त्या गाडीतून उतरले नाहीत. लग्नाच्या पंगतीत माणसं दाराशी तुंबली की कोपऱ्यातून आवाज येतो, "पुढं चला, पुढं चला, मधी जागा हाय." एकदा तर मयताच्या घरी हेच म्हणाले आणि रडणाऱ्या बायकासुद्धा सवयीनं दोन पावलं पुढं सरकल्या. बोलणं संपवायचं असलं की हवेतली दोरी ओढल्यासारखा हात करतात आणि म्हणतात, "डबल." म्हणजे गाडी सुटली. आता तुम्ही काही बोलून उपयोग नाही.

माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. सासऱ्यांनी चालू केलं, आता मी बसते. म्हशीचं कॅल्शियम, शेळ्यांचं जंताचं औषध, गोचिडाची पावडर हा आमचा खप. मी पहिल्यांदा कुत्र्याचे औषधी शाम्पू आणून मांडले तेव्हा सासरे म्हणाले होते, "हे मुखेडात कोण घेणार? इथं माणसं अजून कपड्याच्या साबणानं न्हातात." त्या बाटल्यांवर बरीच धूळ बसली, आणि मग मास्तर आले.

कुत्री त्यांची नव्हती, सुमनकाकूंची होती. सुमनकाकू म्हणजे मास्तरांची बायको. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून, पदर लपेटून घरातच असायच्या. हळदीकुंकवाला जात नसत, कोणाला बोलावतही नसत. गल्लीत त्यांना गर्विष्ठ म्हणायचे. ओट्यावर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणारी एकटी ही कुत्री. तांबूस अंगावर पांढरे ठिपके, म्हणून काकूंनी नाव ठेवलं रेवडी.

मागच्या होळीच्या सुमाराला काकू गेल्या आणि थोड्याच दिवसांत रेवडी खाजवायला लागली. आधी कानामागं, मग पोटाला, मग शेपटीशी. केस झडून कातडी काळी आणि जाड झाली. वास असा की मास्तरांच्या दारावरून जाताना बायका नाकाला पदर लावायच्या.

आणि इथं मास्तरांनी ती चूक केली. एस.टी.त आयुष्य काढलेला माणूसच करील अशी. डेपोत कोणत्याही खरजेवर एकच औषध, इंजिनाचं जळकं ऑइल. म्हशीला लावतात, बैलाला लावतात. मास्तरांचे जुने दोस्त रफिकभाई डेपोत मेकॅनिक होते, आता त्यांचं गॅरेज आहे. त्यांनी मनापासून डबा भरून दिला. मास्तरांनी ते रेवडीला नाकापासून शेपटीपर्यंत चोपडलं. तिनं ते चाटलं. दोन दिवस ती उलट्या करत पडून होती, आणि जिथं कातडी फुटली होती तिथं आग आग झाली असणार. रफिकभाईंनीच आपल्या रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. "मास्तर, मैं तो सबको यहीच देता आया," एवढंच ते सारखं म्हणत होते.

रेवडी वाचली. त्या दिवसापासून मास्तरांनी नेम धरला की जे तिच्या अंगाला लागणार ते आधी स्वतःच्या डोक्याला. डोक्याचा इतिहास म्हणून एवढाच.

पण शाम्पू निवडणं काही नळाखाली वाकण्याइतकं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी मास्तरांनी फळीवरच्या सगळ्या बाटल्या काउंटरवर उतरवल्या आणि एकेकीवर बोट ठेवून, स्टँडवर गाडीची चौकशी करावी तसं मला विचारलं, "ही कुठं जाती?"

"ही बुरशीवर."

"अन् ही?"

"ही गोचीड-पिसवांवर. ती तिसरी किड्यांच्या खरजेवर, ती नुसत्या कोरड्या कातडीवर."

"सगळ्या खाजंवरच जातात की मग. दे कोणती बी."

"मास्तर," मी म्हटलं, "स्टँडवर उभ्या सगळ्या गाड्या लालच असतात. म्हणून नांदेडचं माणूस हैदराबादच्या गाडीत बसवाल का तुम्ही?"

हे त्यांना एकदम पटलं. इतकं पटलं की पुढं महिनाभर ते दुकानात आलेल्या प्रत्येकाला हे वाक्य स्वतःचं म्हणून ऐकवत होते. ते रेवडीला पुन्हा डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. किडे नव्हते. बुरशी होती, कुत्र्याच्या कातडीवर एरवीही असते तीच, फार वाढलेली. पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या, आणि आठवड्यातून दोनदा बुरशीचा शाम्पू. "घाबरू नका," डॉक्टर म्हणाले, "ही माणसाला लागत नाही."

हे मास्तरांनी मला सांगितलं आणि गप्प झाले. तोवर मी त्यांना 'डबल' न म्हणता गप्प झालेलं कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टरांचं कोणी ऐकलं नाही. गल्लीतल्या चार जणांनी मास्तरांना बजावलं, दसऱ्यापर्यंत बघू, नाही तर नगरपरिषदेच्या गाडीत घालून हिला लांब सोडून देऊ. लेकराबाळांची गल्ली आहे. मास्तर भांडले नाहीत. फक्त घरी जाऊन अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी बादली मांडली.

शाम्पूची खरी गोम अशी की तो लावून लगेच धुवायचा नसतो. दहा मिनिटं अंगावर मुरू द्यावा लागतो. फेसानं माखलेलं कुत्रं दहा मिनिटं बसवून ठेवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पहिल्या दिवशी रेवडीनं अंग झाडलं आणि निम्मी बाटली मास्तरांच्या धोतरावर गेली. मग त्यांनी तिला दगडावर घेतलं, स्वतः शेजारी बसले, एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि सुरू केलं, "चला, नांदेड नांदेड नांदेड. बसून घ्या. डबल."

गाडी सुटली. मास्तर डोळे मिटून एकेक गाव घेत होते. फाटे, वळणं, थांबे, चढणारे, उतरणारे. "नरसी. नरसी कोण हाय, पुढं या." नरसीला गाडी चहाला थांबली. मग नायगाव. नायगावला ते नेहमी जरा अडखळायचे. मग कृष्णूर, कहाळा, धनेगाव. रेवडी त्या सुरात हळूहळू निवायची. शेवटी मास्तर म्हणायचे, "नांदेड. उतरा." तेव्हा ती उठून अंग झाडायची आणि पाण्याच्या तांब्यासाठी उभी राहायची. मी घड्याळ लावून बघितलं होतं. दहाऐवजी कधी बारा व्हायची, कारण मास्तरांची गाडी वेळेवर कधीच पोचली नाही.

मी त्यांना रबरी हातमोजे दिले होते. ते त्यांनी खुंटीला टांगून ठेवले. "हात न लावायचा तर मंग धुवायचं कशाला," म्हणाले.

दसरा आला तेव्हा रेवडीच्या पाठीवर लव धरली होती. दिवाळीनंतर केस आले, वास गेला. बजावून गेलेल्यांपैकी एक जण तिला शिळी भाकरी टाकू लागला. डॉक्टरांनी बघून सांगितलं, आता शाम्पू बंद, उगाच धूत राहिलात तर कातडी कोरडी पडेल.

मला वाटलं, मास्तर पेढे वाटतील. ते दुकानात आले आणि फळीकडं बघत उभे राहिले.

"माय," ते म्हणाले, "दुसरं काही न्हाई का तिला? बारकंसं. एखादं धुण्यासारखं."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. काउंटरजवळच्या पेंडीच्या पोत्यावर बसले.

"तुझी काकू माझ्याच गाडीनं नांदेडला जायची. दवाखान्याला. तिच्या अंगाला खपल्या होत्या, हातावर, मानंवर. तिच्या डॉक्टरनंबी हेच सांगितलं होतं. कुणाला लागत न्हाई म्हणून. पण गाडीतल्या माणसाला काय ठाऊक. ती खिडकीला बसायची. बाजूची सीट रिकामी. नायगावला गाडी भरायची, पाय ठेवायला जागा न्हाई, बाया लेकरं घेऊन उभ्या. अन् ती सीट तशीच रिकामी. कुणी बसंना."

मी काउंटरमागून पुढं आले.

"मी आपला वरडून राहिलो, पुढं चला, मधी जागा हाय. पण ती जागा कुणाला दाखवली न्हाई. लोक म्हणतील, मास्तरची बायको हाय का ही. म्हणून तिच्याशी बोललो बी न्हाई, परक्यावाणी. मी मागं, माझ्या सीटवर. सगळ्या गाडीत बसून घ्या म्हणायचा हक माझा, माय. मीच बसलो न्हाई."

"काकू काही म्हणाल्या का कधी?"

"घरात बी कधी तो इषय काढला न्हाई. नांदेड आलं की मागून गर्दी लोटायची. तेव्हा तेवढं म्हणायची, मास्तर, दमानं उतरू द्या."

बाहेर कोणीतरी गोचिडाची पावडर मागत होतं. मास्तर उठले. "रेवडीच्या बाजूला बसून पुऱ्या रस्त्यानं जायला मिळायचं," ते म्हणाले. "आता डॉक्टर म्हणतो, गाडी बंद." त्यांनी हात वर केला, पण दोरी ओढली नाही. तसाच खाली घेतला आणि गेले.

माझ्या फळीवर इतक्या बाटल्या आहेत, त्यातली एकही त्या दिवशी मला त्यांना देता आली नाही. फार वाईट वाटलं. त्यांचं आणि काकूंचंही. कधी काकूंच्या शेजारी जाऊन बसावं असं मलाही सुचलं नव्हतं.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी त्यांच्या अंगणात गेले. बादली पालथी होती. मास्तर दगडावर बसले होते आणि शेजारी रेवडी, कोरडी ठणठणीत, डोळे मिटून. गाडी नायगावला आली होती. मास्तर अडखळले, आणि मला दारात बघून सवयीनं म्हणाले, "पुढं चला."

मी पुढं गेले. त्यांनी सरकून जागा केली. मी रेवडीच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. नवे केस मऊ होते. मास्तरांचा हात तिथंच होता, मानेपाशी.

कृष्णूर झालं. कहाळा झालं. धनेगाव झालं.

"नांदेड," ते म्हणाले.

अंगावर पाण्याचा थेंब नसताना रेवडी उठली आणि तिनं सगळं अंग झाडलं. मास्तर तिच्याकडं बघत नव्हते.

"दमानं," ते म्हणाले. "दमानं उतर. गाडी थांबलेली हाय."