दारातली पायपेटी

पायपेटी दिग्रसच्या स्टँडवर उतरली तेव्हा देवरावच्या घरातलं सामान शेजारच्या हबीबच्या ओसरीत जाऊन दोन दिवस झाले होते. बाज, कोठी, ट्रंक, सगळं. घरात उरल्या होत्या चूल, बायको आणि मुलगी.

त्याचं असं झालं होतं. वस्तीची गायन पार्टी चांगली जुनी, पण विहाराचा अजून पायाच तेवढा भरलेला. पायावर वाद्यं ठेवता येत नाहीत, तिथे शेळ्या बसतात. म्हणून पार्टीचा नियम होता की जो जे वाजवतो त्यानं ते आपल्या घरी सांभाळावं. ढोलकी श्रावणकडे खुंटीला असे. झांजा श्रावणच्याच घरी पिठाच्या डब्यात असत, त्यामुळे त्या वाजल्या की समोरची माणसं पांढरी होत. देवराव दिवसा जिनात कापूस ओढायचा आणि संध्याकाळी पार्टीची हातपेटी वाजवायचा. तिचा भाता उंदरांनी खाल्ला, तेव्हा पार्टीनं वर्गणी काढून त्याला यवतमाळला दुसरी हातपेटी आणायला पाठवलं.

तिथे एक नाटक कंपनी मोडून तिचं सामान विकायला निघालं होतं. देवराव पायपेटीपुढच्या स्टुलावर बसला, पायानं भाता हलवला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचे दोन्ही हात मोकळे झाले. त्यानंतर त्याला हातपेटी आठवलीच नाही. विकणारा म्हणाला, "मास्तर, हिची एक युक्ती आहे, सांगून ठेवतो."

"माहीत हाय," देवराव सूर न सोडता म्हणाला. "बारा वर्सं झाले, पेटीच वाजवून राह्यलो."

पेटी मागून एसटीनं येणार होती. घर दीड खोलीचं. छप्पन सालापर्यंत एका कोपऱ्यात देवांची फळी होती. ती निघाल्यापासून तो कोपरा मोकळा होता, आणि देवरावच्या मते पायपेटीसाठीच मोकळा होता. त्यानं सुतळीनं कोपरा तीनदा मोजला. पेटी बसत होती, पण वाजवणारा बसत नव्हता. म्हणून बाज गेली, मग कोठी गेली, मग ट्रंक. दार त्यानं मोजलं नाही. दारात पेटी ठेवायची नव्हती.

"आडवी घेऊ," श्रावण म्हणाला.

"आडवी कायले? नवी वस्तू घरात तोंडाकडून आली पाह्यजे," देवराव म्हणाला. "बोटभर फरक हाय. जाईल."

ती अर्धी गेली. पट्ट्या आत, पाठ बाहेर, आणि दोन्ही बाजूंनी पसरलेले तिचे पाय चौकटीच्या लाकडात असे रुतले की जणू सुतारानं ती दारातच घडवली असावी. बाहेर ओढली तर चौकट करकरली. आतून ढकलली तर भिंतीची माती पडली. सायकलवाला हबीब पाना घेऊन आला, बाहेरच्या बाजूनं पेटी हातानं चाचपत राहिला आणि म्हणाला, "इसमें नट-बोल्टच नाई ना, देवरावभाऊ. मी काय खोलू?"

"छपराचे कवेलू काढून वरून उचलू," श्रावणनं सुचवलं.

"अन् मंग पेटीवर कवेलू टाकशील काय?" आतून त्याची बायको मथुराबाई म्हणाली. "उद्या फुलसावंगीचे पाहुणे येऊन राह्यले. त्यायले कुठून आनू? न्हानीतून?"

घराला दुसरी वाट होती, ती न्हाणीच्या तट्ट्यातून हबीबच्या शेळ्यांमध्ये निघत होती. घरच्या माणसांना ती चालली असती. सोयरिकीच्या पाहुण्यांना नाही.

देवराव त्याच वाटेनं आत गेला आणि पेटीपुढे उभा राहिला. फुलसावंगीचं स्थळ हे तिसरं. पहिल्या पाहुण्यांनी सत्यशीलाला चालायला लावलं, वाचायला लावलं, आणि पोरगी उंच आहे म्हणून कळवलं. दुसऱ्यांनी खोलीभर तीन वेळा चालवलं आणि चाल जरा शिपायासारखी आहे म्हणाले. ते गेल्यावर सत्यशीला एवढंच बोलली होती, "आता मी कोनाले चालून दाखोनार नाई. मी काय बजारातला बैल हाय?" सातवी पास पोरगी, ती बोलली की बोलली. आणि फुलसावंगीचा पोरगा शाळामास्तर होता. मास्तर लोक तर आधी पाढेच म्हणायला लावत असतील, असं देवरावला रात्रभर वाटत राहिलं.

सकाळी त्यानं पाहिलं तर सत्यशीला पेटीखालून झाडत होती. झाडता झाडता थांबली, वाकून काहीतरी पाहिलं, आणि पुन्हा झाडू लागली.

"निंगते काय व काही?" त्यानं विचारलं.

"कचरा निंगते," ती म्हणाली.

बारा वाजताच्या एसटीनं पाहुणे आले. मुलगा धर्मपाल आणि त्याचे वडील उकंडाजी. जयभीम झाला. देवरावनं दोघांना गल्लीत, स्वतःच्याच बाजेवर, हबीबच्या ओसरीपुढे बसवलं.

"घरात बसू ना," उकंडाजी म्हणाले.

"घरात पेटी हाय," देवराव म्हणाला.

उकंडाजींनी दाराकडे पाहिलं. त्यांनी बरीच घरं पाहिली होती, पण दाराच्या जागी वाद्य असलेलं घर हे पहिलंच. ते उठून जवळ गेले आणि पेटीवरून आत डोकावले. आत कोठी नाही, बाज नाही, ट्रंक नाही.

"घर ऐसपैस हाय," ते म्हणाले.

चहा पेटीवरून आला. पलीकडे सत्यशीला उभी राहिली. तिकिटाच्या खिडकीत बाबू बसतो तशी ती दिसत होती, कमरेपासून वर. एव्हाना सगळी वस्ती गल्लीत जमली होती.

"जराशी चालून दाखव, माय," उकंडाजी म्हणाले.

देवरावनं डोळे मिटले.

"चालते, पन दिसनार नाई," सत्यशीला शांतपणे म्हणाली. ती दोन पावलं बाजूला झाली आणि भिंतीआड गेली. थोड्या वेळानं पुन्हा खिडकीत आली. "चालली."

उकंडाजी विचारात पडले. चालली तर होती, यात शंका नव्हती.

"आता मी इचारू?" ती म्हणाली. "तुम्ही कोन्ता वर्ग शिकवता?"

धर्मपाल बाजेवरून काहीतरी बोलला. लोकांच्या कालव्यात ते दारापर्यंत पोचलं नाही.

"आयकू येत नाई. इकडे या."

धर्मपाल उठला. बाजेपासून दारापर्यंत पंधरा पावलं होती आणि दोन्ही बाजूंना वस्ती उभी होती. चौथ्या पावलाला आपले हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

"चाल बरी हाय," श्रावण म्हणाला.

"थोडा झुकता है," हबीब म्हणाला. "सायकल येते काय, मास्तर?"

"येते," धर्मपाल म्हणाला. मग दाराकडे तोंड करून, "तिसरी."

सत्यशीलानं पेटीवरून एक जुना पेपर पुढे केला. "हे वाचून दाखवता?"

धर्मपालनं कापसाच्या भावाची बातमी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. एका म्हातारीनं मान डोलावली. "सबद साफ हाय पोराचा," ती म्हणाली. "दात बी साबूत हायेत."

उकंडाजी बाजेवर चुळबुळ करत होते. इथे कोण कुणाला पाहायला आलं आहे, हा प्रश्न त्यांना पडला होता, पण चहा त्यांचा पिऊन झाला होता.

धर्मपालनं पेपर परत दिला. "पेटी वाजते काय?" त्यानं विचारलं.

"वाजवून पाहा."

पट्ट्या आतल्या बाजूला होत्या. तो पेटीवरून ओणवा झाला, हात पलीकडे नेला आणि तसाच थांबला. त्याला खाली काहीतरी दिसलं. त्यानं सत्यशीलाकडे पाहिलं. सत्यशीलानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं एक पट्टी दाबली. आवाज आला नाही, कारण भाता पायाशी होता आणि पाय तिकडे होते. सत्यशीलानं पायानं भाता हलवला, आणि सूर निघाला. लांब, घोगरा आणि अगदी सरळ. गल्ली गप्प झाली. हबीबची शेळी तेवढी बोलली.

धर्मपाल बाजेवर येऊन वडिलांच्या कानाला लागला. उकंडाजींनी घसा साफ केला. "आमाले पसंत हाय. देन्याघेन्याचं आमचं काही म्हननं नाई."

आत सत्यशीलानं आईला हळूच "हाव" म्हटलं, तशी मथुराबाई पेटीपुढे येऊन म्हणाली, "असं कसं? एकच लेक हाय. पार्टीची असली तं असली, तिच्यासंगं ही पेटीच देतो ना आंदन."

उकंडाजींनी दाराकडे एकदा नीट पाहिलं. "बाई," ते म्हणाले, "आमची एकच अट हाय. ही पेटी देजा नका. आमचं दार याहून बारीक हाय."

पाहुण्यांना एसटीत बसवून देवराव परत आला. पोरगी उजवली जाणार म्हणून त्याला आनंद झाला होता, पण तिची वरातही न्हाणीतून काढायची की काय, या विचारानं तो आनंद पूर्ण होत नव्हता.

"बाबा," आतून सत्यशीला म्हणाली, "वरून पेटी धरा. सोडजा नका."

त्यानं धरली. सत्यशीला खाली वाकली. एक कडी वाजली, मग दुसरी. पसरलेले पाय चौकटीतून सुटले, आत मुडपले आणि पेटीच्या पोटाखाली गेले. देवरावच्या हातात ट्रंकेएवढी एक पेटी राहिली आणि दार उघडं झालं.

त्यानं ती उंबरठ्यावर ठेवली. तिच्याकडे पाहिलं. कोपऱ्याकडे पाहिलं. मग हबीबच्या ओसरीतल्या आपल्या सामानाकडे पाहिलं.

"तुले कवा कळलं व हे?"

"सकाळी झाडतानी."

"अन् बोलली काहून नाई?"

"तुम्हाले माहीत असन असं वाटलं. बारा वर्सं वाजवून राह्यले ना."

देवरावनं एक कडी उघडून पुन्हा लावून पाहिली. मग एकदम त्याला ओणवा झालेला धर्मपाल आठवला.

"थांब. त्या मास्तरालेही कड्या दिसल्या असतीन."

"दिसल्या."

"मंग थो काहून बोलला नाई?"

सत्यशीलानं केरसुणी उचलली आणि उंबरठ्यावरची माती लोटून काढली.

"थेच तं पाहत होती मी," ती म्हणाली. "बोलले असते तं दार उघडलं असतं, अन् मले चालाच लागलं असतं. नाई बोलले. म्हनून हाव म्हटलं."